बाईंच्या मक्यात

बाई गेल्या, हे गावाकडच्या गजाभाऊंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर घरी जायच्या गाडीची वाट बघत होते. फोन ठेवला आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर उत्तर दिशा शोधली. दुपार कलली होती, ऊन डाव्या गालावर येत होतं, म्हणजे माझं तोंड उत्तरेला होतं. एवढं समजल्यावर मग रडू आलं.

हे वेड माझं नव्हे, बाईंनी लावलेलं. संकटात सापडलेल्या माणसाने आधी आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत ते बघावं, मग काय रडायचं-ओरडायचं ते करावं, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी चिडायचं सोडून दिलं आणि त्यांच्यासारखंच वागू लागले.

अंजनगाव सुर्जीपासून जीपने थोडं आत असलेल्या एका गावातल्या शाळेवर मी नव्याने रुजू झाले होते. अमरावतीत वाढलेली मुलगी मी. गावात खोली मिळेना, तेव्हा कोणीतरी म्हणालं, मकाबाईंकडे वरची खोली रिकामी आहे, पण जरा सांभाळून. मी गेले तर ओट्यावर एक साठीच्या पुढची बाई उभी. सुती पातळ, पायात कापडी बूट, गळ्यात एका सुतळीत शिट्टी आणि दुसऱ्या सुतळीत होकायंत्र. मी खोलीबद्दल विचारलं.

"खोली हाय," त्या म्हणाल्या. "पहिले हे सांग, तू आता कोणत्या दिशेनं आली?"

"जीपने आले," मी म्हटलं.

"ते वाहन झालं पोरी. दिशा इचारून राहिली मी."

मी चारी दिशांची नावं घेत बोटं दाखवून पाहिली. चारही चुकली. त्या हसल्या नाहीत. कपाळावर हात मारून घेतला आणि खोलीची किल्ली दिली.

बाई भूगोलाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. नवरा गेलेला, मुलगा अमरावतीला नोकरीत. घरात त्या एकट्या, आणि घरात डावं-उजवं नावाची गोष्टच नव्हती. साखरेचा डबा वायव्येच्या फळीवर. मीठ त्याच्या पूर्वेला. पाहुणा खाटेवर बसला की "जरा दक्षिणेले सरका, पंख्याचं वारं लागन," असं म्हणायच्या आणि तो बिचारा उठून उभाच राहायचा. शेजारच्या घरचा नवा जावई एकदा पाणी प्यायला आत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. माठ ईशान्येच्या कोपऱ्यात आहे म्हणून सांगितलं होतं त्याला. सुरुवातीला मला या सगळ्याचा भारी वैताग यायचा. सकाळी शाळेची घाई, आणि ही बाई मला चपला आग्नेयेला असल्याचं सांगते आहे.

पण त्यांचं मकाबाई हे नाव घरामुळे पडलेलं नव्हतं, वावरामुळे, म्हणजे शेतामुळे, पडलं होतं.

गावाबाहेर त्यांचं वावर. आजूबाजूला सगळी पराटी, म्हणजे कपाशी, आणि सोयाबीन, पलीकडे संत्र्याची झाडं, आणि मधोमध बाईंचा मका. गजाभाऊ ते वावर बटईने, अर्ध्या वाट्यावर, करायचे. मका ढोरांच्या चाऱ्याला जायचा, कणसं गावात वाटली जायची, पण बाईंना त्यात रस नसे. मका गुडघ्याएवढा झाला की त्या आराखडा घेऊन वावरात उतरायच्या, बायांना हाताशी धरायच्या आणि मधली मधली रोपं उपटून वाटा पाडायच्या. सरळ वाट एकही नसे. कुठे तीन फाटे, कुठे वळून वळून पुन्हा तिथेच येणारी, कुठे पुढे जाऊन नुसतीच बंद होणारी. पोळ्यापर्यंत मका डोक्याच्या वर जायचा आणि आत शिरलेल्या माणसाला वर आभाळाची पट्टी तेवढी दिसायची. पोळा ते नवरात्र, दर रविवारी तिथे झेंड्याची शर्यत. तिचं खरं इंग्रजी नाव ओरिएंटिअरिंग. बाई ते स्पष्ट उच्चारायच्या आणि गावातलं कोणीही उच्चारायचं नाही.

प्रत्येकाला वावराचा एक नकाशा आणि एक होकायंत्र. नकाशावर ठिपके, आत त्या त्या ठिकाणी केशरी-पांढरे छोटे झेंडे, आणि प्रत्येक झेंड्याला बांधलेला कागद टोचायचा चिमटा, दर झेंड्याला वेगळ्या नक्षीचा. ठरलेल्या क्रमाने सगळे झेंडे शोधायचे, आपलं कार्ड टोचून घ्यायचं आणि ठरलेल्या वेळात बाहेर यायचं. मोबाइल बाहेर टोपलीत ठेवायचे. वाट सोडून मक्याच्या ओळीतून घुसलं, मक्याचं एक जरी उभं ताट मोडलं, तर बाद. फारच घाबरलं तर गळ्यातली शिट्टी तीनदा वाजवायची, गजाभाऊ येऊन घेऊन जात, पण तेही बादच.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं यायची. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावून पाय लोखंडाचे झालेले, आत वाऱ्यासारखी शिरायची आणि तासाभराने भलत्याच तोंडातून बाहेर पडायची, कार्ड कोरं. आणि गजाभाऊंची बायको, जिने आयुष्यात पळून म्हणून पाहिलं नाही, ती पदर खोचून, नकाशा धरून, रमतगमत सगळे झेंडे टोचून परत यायची. बाई त्या पोरांना म्हणायच्या, "पाय मांगून यायले पायजे. तुमचं डोस्कं मांगं राहते अन् पाय पुढं."

एका साली बाईंनी वावरातल्या कडुलिंबाखाली झेंडा लावला. तिथे शेंदूर लावलेला म्हसोबाचा धोंडा आहे. झालं, त्या रविवारी एकाचीही वेळ धड लागेना. जो तो तिथे पोचला की आधी चपला-बूट काढायचा, हात जोडायचा, कोणी प्रदक्षिणा घालायचा, मग पुन्हा बुटाच्या नाड्या बांधून पुढे. दुसरा कोणी असता तर झेंडा हलवला असता. बाईंनी नियम काढला: देवाजवळचा वेळ मोजायचा नाही. तेव्हापासून लिंबाखाली कोणीतरी एकजण घड्याळ घेऊन बसू लागला.

माझी पहिली शर्यत म्हणजे शोभाच होती. पळण्याचा मला तिटकारा, पण खोलीत राहायची बाईंची अटच होती म्हणून उतरले. दोन वळणांनंतरच काही कळेना. मका सळसळतो, घाम डोळ्यांत जातो, सगळ्या वाटा सारख्याच. मी नुसती गोल गोल फिरत राहिले. शेवटी एका वळणावर बाई भेटल्या, त्या पाहणी करत आत हिंडायच्या. मी म्हटलं, बाई, सांगा ना कुठून जाऊ. त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. मग जाता जाता म्हणाल्या, "तू काहून फिरून राहिली? नकाशा फिरव." आणि गेल्या. मला इतका राग आला होता की त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले नाही. पण पुढच्या रविवारी पुन्हा उतरले. आणि त्याच्या पुढच्याही. मग ते माझं मलाच लागलं.

बाई स्वतः कधी पळत नसत. कॉलेजात असताना त्या कॅडेट म्हणून चिखलदऱ्याच्या शिबिरात गेल्या होत्या. तिथे मुलींना नकाशे देऊन जंगलात सोडलं. बाई चुकल्या, घाबरल्या, रडल्या, मग नकाशा लावला, वाट काढली आणि पहिल्या आल्या. दुसऱ्या बायका लग्नाचं सांगतात तसं त्या हे सांगायच्या. पुढच्या स्पर्धेला जायचं ठरलं होतं, पण त्याआधीच लग्न ठरलं. त्यात त्यांची काही तक्रार नव्हती. नवरा भला होता. शाळा झाली, संसार झाला, आणि नवरा गेल्यावरच्या पावसाळ्यात त्यांनी वावरात पहिल्यांदा मका पेरायला लावला. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही हो उतरत? त्या म्हणाल्या, "माह्याच हातानं पाडलेली वाट मले काय चकवणार?" हे म्हणताना त्यांचा चेहरा पडला होता. ते मला तेव्हा दिसलं, पण मी त्यावर फार विचार केला नाही.

मग काही वर्षांनी त्या दाराच्या चौकटीला धडकू लागल्या. आधी मला वाटलं, वय. कप टेबलाच्या काठाबाहेर ठेवायच्या आणि तो फुटला की कपाला बोलायच्या. ओट्यावर बाजूने आलेल्या माणसाने हाक मारली की दचकायच्या. मुलाला सुट्टी मिळेना, म्हणून उन्हाळ्यात मीच त्यांना दर्यापूरमार्गे अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे एका यंत्रात डोकं घालून बसायचं होतं. आत बारीक ठिपके लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. बाई बराच वेळ बटण न दाबता बसून होत्या. मी शेजारी उभी. मला वाटलं, त्यांना काय करायचं ते कळलं नाही. पण ठिपके येत होते आणि जात होते, त्यांना दिसत नव्हते.

डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर ठेवला. एकेका डोळ्याचं एकेक वर्तुळ, कडेने सगळं काळं, मधे थोडं पांढरं. काचबिंदू, खूप पुढे गेलेला. बाईंनी कागद हातात घेतला, जवळ धरला, नीट फिरवला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "याच्यावर उत्तर कोणीकडं?"

तरुण डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, वरची बाजू विचारताहेत. त्यांनी बोट ठेवून दाखवली. बाईंनी कागद पुन्हा फिरवला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "म्हणजे नदीच्या मधातली जागा तेवढी कोरडी उरली. चहूकडून पाणी चढून राहिलं."

डॉक्टरांनी समजावलं. गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर जाण्याचा वेग कमी होईल. बाईंनी विचारलं, पुढच्या मक्यापर्यंत राहतील का डोळे? कुठला मका, ते डॉक्टरांना कसं कळणार. मी सांगितलं, पावसाळ्याच्या शेवटापर्यंत. ते म्हणाले, यंदाचं सांगू शकतो, पुढच्या वर्षीचं नाही.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. दर्यापूर मागे पडलं. मग त्यांनी माझा हात धरला.

"या साली वाटा तू पाड," त्या म्हणाल्या. "झेंडे तू लाव. मले काहीच सांगू नको. मले एक डाव पळायचं हाय, जशे तुमी पळता तसं. मले चुकायचं हाय पोरी, डोळे हायेत तोवर."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मुलाने दिवाळीनंतर त्यांना अमरावतीला नेऊन ठेवायचं ठरवलं होतं. म्हणजे हा एक मका, आणि त्यानंतर काही नाही.

मी आराखडा काढायला बसले आणि पहिला काढला तो सोपा. मोठ्या वाटा, थोडी वळणं. म्हातारी बाई, अधू नजर, पडली-झडली तर? गजाभाऊंना दाखवला. त्यांनी पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "म्याडम, हा बाईले दिला तं त्या दोन मिनिटात बाहीर येतीन, अन् मंग तुमच्याशी जलमात बोलणार नाईत." खरं होतं. मी तो फाडला आणि पुढचा आराखडा मला जमेल तेवढा वाईट केला. नकाशा मात्र अगदी खरा.

बाईंनी तो पावसाळा कसा काढला, त्यांचं त्यांना ठाऊक. ज्या वावरात रोज जायच्या तिकडे दोन महिने पाय टाकला नाही. ओट्यावर वावराकडे पाठ करून बसायच्या. गजाभाऊ घरी येऊन सहज बोलू लागले, "बाई, काल आमी त्या लिंबापाशी...", की कानांवर हात ठेवून ओरडायच्या, "चूप! एकदम चूप!" रोपं उपटायला माझ्याबरोबर गावातल्या बाया होत्या, त्यांना बाईंनी रस्त्यात भेटायचं बंद केलं. मला एकदाच विचारलं, "मका चांगला झाला?" मी म्हटलं, तुमच्या डोक्याच्या बराच वर गेलाय. त्या इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी पुरणपोळी केली.

पोळ्यानंतरच्या रविवारी बाई उतरल्या. निम्मं गाव वावराशी जमलं. जमलेल्यातला अर्धाअधिक त्यांच्या हाताखाली शिकलेला. बाईंनी नवे पांढरे बूट घातले होते, मोबाइल नेमाने टोपलीत टाकला. मी नकाशा दिला. त्यांनी तो उत्तरेला लावला, डोळ्यांजवळ धरला, पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांना एखादी गोष्ट माहीत नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग त्या आत शिरल्या.

पहिला झेंडा त्यांनी छान शोधून काढला. चिमट्याचा आवाज बाहेर ऐकू आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे तीन फाटे होते. बाई चुकीच्या फाट्याला वळल्या. रानडुकरांच्या राखणीसाठी वावराच्या कोपऱ्यात मचाण बांधलेलं असतं, त्यावर भरतीची पोरं चढली होती, त्यांना वरून सगळं दिसत होतं.

"बाई, मांगं फिरा!" एक ओरडला.

तेवढंच पुरे झालं. "उजवीकडं वो बाई!" "नाई नाई, लिंबाकडं या!" "बाई, पुढं बंद हाय तठी!" वाटा पाडणाऱ्या बाया, मचाणावरची पोरं, रस्त्यावरून जाता जाता थांबलेला जीपवाला, सगळे ओरडू लागले. गप्प बसा म्हणून मी ओरडत होते, तेही त्यातच मिसळून गेलं.

मक्याचे शेंडे हलायचे थांबले. बराच वेळ काही नाही. लोक एकदम गार पडले; बाई पडल्या की काय? मी आणि गजाभाऊ आत धावलो. बाई वाटेच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या. नकाशा मांडीवर पालथा.

"त्यायले म्हणा, घरी जा," त्या म्हणाल्या. "ते जात नाहीत तोवर मी इथून उठत नाही."

"बाई, तुमच्या मायेपोटीच केलं त्यायनं," गजाभाऊ म्हणाले.

"मले मालूम हाय गजा." त्यांचा आवाज फुटला. "माह्याजवळ हा एकच मका होता रे. तो यायनं वाटून खाल्ला."

घरी येऊन त्यांनी आपल्या कार्डावर आपल्या हाताने ‘बाद’ असं लिहिलं आणि न जेवता झोपल्या. दुसऱ्या दिवसापासून गाव ओट्यावर येऊ लागलं. कोणी भाजी आणली, कोणी दही. बाई दार उघडीनात. गजाभाऊंची बायको ओट्यावर बसून मला म्हणाली, "आपली बाई चुकून राहिली अन् आपण पाहत राहावं? असं कसं होईन म्याडम?"

मी वाद घातला नाही. अंजनगावच्या बाजारात तुम्ही कोणाचं घर विचारलंत तर विचारलेला माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. वाट सांगणं आमच्याकडे उपकारात धरत नाहीत. चुकलेला माणूस समोर दिसतोय आणि आपण तोंड मिटून बसलोय, याला कोणी खेळ म्हणायला तयार नाही. बाईंनी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण एवढी एक गोष्ट त्यांना या लोकांच्या अंगातून काढता आली नव्हती.

तोडगा गजाभाऊंनीच काढला. "आमाले मालूम हाय म्हणून तोंडातून निंगते," ते म्हणाले. "मालूमच नसलं तं काय सांगू?"

मग मी एकटी आत गेले. शिरायचं तोंड दुसऱ्या बाजूने केलं, कापलेल्या ताटांच्या पेंढ्या लावून काही वाटा बंद केल्या, सगळे झेंडे हलवले, नकाशा नवा काढला. कोणालाही बरोबर घेतलं नाही. मचाण पोरांनी आपणहून उतरवून टाकलं. बाईंच्या दाराशी जाऊन मी सांगितलं, आता फक्त मला ठाऊक आहे.

बाईंनी दार उघडलं. "म्हणजे तू बोलशील."

"नाही बोलणार."

"तुह्याच्यानं होईन?"

"होईल," मी म्हटलं. मला खात्री नव्हती.

नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी बाई पुन्हा उतरल्या. या वेळी सगळं गाव होतं. रस्त्याच्या कडेला रांगेने उभे, आणि एकही माणूस बोलत नव्हता. बाई आत गेल्या. मक्याचे शेंडे हलत हलत दूर गेले. चिमट्याचा एक आवाज आला, बऱ्याच वेळाने दुसरा, मग तिसरा. लोक माझ्या तोंडाकडे पाहायचे, मी ठीक आहे अशी मान हलवायचे, ते पुन्हा समोर पाहायचे. पोपटांचा थवा मक्यावर उतरला आणि कणसं फोडू लागला. एरवी हाकलायला दहा तोंडं उघडली असती. त्या दिवशी कोणी हूं केलं नाही. त्या आवाजाला बाई खूण समजतील म्हणून.

शेवटचा झेंडा राहिला. ठरलेली वेळ टळून गेली. ऊन उतरलं. दक्षिणेच्या अंगाला शेंडे हलत होते, तेच शेंडे, पुन्हा पुन्हा. बाई एकाच वाटेवर जाऊन येत होत्या. झेंडा तिथून इतका जवळ होता की मला बघवेना. नकाशावरची बारीक रेघ आता त्यांच्या डोळ्यांना दिसत नसणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. उजेड कमी झाला की त्यांना मधलंही नीट दिसत नसे. मी तिकडे टक लावून बघत होते आणि कोणीतरी माझी ओढणी ओढली.

गजाभाऊ होते. त्यांनी दुपट्ट्याचा बोळा तोंडाशी धरला होता. "म्याडम," ते अगदी हळू म्हणाले, "एक आवाज द्या ना. तुमाले तं मालूम हाय. अंधार पडून राहिला. जनावर गिनावर असन."

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. गजाभाऊंच्या बायकोने हात जोडले होते. शब्द अगदी माझ्या जिभेच्या टोकावर आलेला होता. शिट्टी बाईंच्या गळ्यात होती. त्यांनी ती वाजवली असती तर मी पेंढ्या तुडवत धावले असते. मी मनात म्हणत होते, वाजवा हो, वाजवा. त्यांनी नाही वाजवली. मी ओढणी दातांत धरली आणि मान हलवून गजाभाऊंना नाही म्हटलं. इतकं जड काम मी पुन्हा कधी केलेलं नाही.

शेंडे थांबले. मग पुन्हा हलू लागले, पण आता दुसरीकडे. हळूहळू, थांबत थांबत, उत्तरेकडे. मध्येच वळून पूर्वेला, पुन्हा उत्तरेला. आणि अगदी तिन्हीसांजेला बाई वाटेच्या तोंडातून बाहेर आल्या. पातळ कुसळांनी भरलेलं, एका हातावर पातीचे ओरखडे, नवे बूट मातीने काळे. एकही ताट मोडलेलं नव्हतं.

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवावी की नाही ते कोणाला कळत नव्हतं.

"चुकली," बाई म्हणाल्या. "लय चुकली वो मी. एका जागी तं असं वाटलं, आता काही आपण बाहीर निंगत नाही. उत्तर हाय, नकाशा हाय, अन् काहीच समजून नाही राहिलं. अशी घाबरली ना..." आणि त्या हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होते, पण हा चेहरा पाहिलेला नव्हता. तो साठीतल्या बाईचा नव्हता. मग लोकांना कंठ फुटला आणि ते सगळे एकदम बोलू लागले.

त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. शेवटची जागा कोरी होती, वेळ तर केव्हाच गेली होती. "बाद लिही," त्या म्हणाल्या. मी लिहिलं. त्यांनी ते चेहऱ्याजवळ धरून वाचलं आणि समाधानाने मान हलवली.

"बाई, शेवटचा झेंडा," मी म्हटलं, "तुम्ही अगदी त्याच्या..."

त्यांनी माझं तोंड बंद करायला हात पुढे केला. तो आधी माझ्या कानावर आला, मग चाचपत गालावर, मग ओठांवर.

"सांगू नको," त्या म्हणाल्या. "या वावराचं ढेकूळ न ढेकूळ मले पाठ हाय. आता घरी बसून मनातल्या मनात तेच फिरायचं हाय मले. त्याच्यात एक जागा तं राहू दे, मले न सापडलेली."

मका दिवाळीआधी कापला. कापणीच्या आदल्या दिवशी मी एकटी आत जाऊन तो झेंडा काढून आणला. गजाभाऊंनी विचारलं, गावातल्या बायांनी विचारलं, पुढे अमरावतीला बाईंना भेटायला जायचे तेव्हा त्यांचा मुलगाही विचारायचा. बाईंना तोवर काहीच दिसत नव्हतं. खाटेवर उत्तरेला तोंड करून बसलेल्या असायच्या. त्यांनी कधी विचारलं नाही. त्या वावरात आता पराटी असते. झेंडा कुठे होता ते मी कोणाला सांगितलेलं नाही.